गाडी धुताना बॅटरी उतरते कशी? सीझन सुरू व्हायच्या आधी एवढं वाचा



बंदी संपत आली. जाळी शिवून झाली, इंजिनाचं ऑइल बदललं, होडीला रंग लागला. आता ३१ जुलैच्या आसपास प्रत्येकाच्या दारात एकच काम दिसतं, मासळीची गाडी धुणं. दोन महिने बंद राहिलेल्या गाडीत बुरशी धरलेली असते, चटईखाली मिठाचं पाणी वाळून पांढरं पडलेलं असतं आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. मग सकाळी चारी दारं सताड उघडी, चावी लावलेली, रेडिओवर गाणी आणि घरातली सगळी पोरं फडकी घेऊन हजर. गाडी चकाचक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला जेटीवर जायला सेल्फ मारावा, तर नुसतं टक-टक-टक.

माझ्या गाडीचं असंच झालं होतं. क्रेट भरलेले, वर बर्फ घातलेला आणि गाडी जागची हलेना. धक्का मारून सुरू होईपर्यंत उजाडलं आणि बाजाराची वेळ निघून गेली. दोष बॅटरीवाल्याला दिला, पण खरा हिशेब नंतर कागदावर मांडला तेव्हा कळलं की चूक माझीच. तोच हिशेब इथे मांडतो.

बॅटरीवर एएच लिहिलेलं असतं, म्हणजे अँपिअर-तास. छोट्या कारची साधारण ३५, डिझेल पिकअपची ६० ते ८०. आपण ६५ धरू. याला पाण्याची टाकी समजा. चावी काढून दार लावलेली गाडीसुद्धा या टाकीतून थेंब थेंब पीत असते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं थोडं थोडं घेतं. हल्लीच्या गाड्यांत ही गळती २०-३० मिलिअँपिअर असणं काही बिघाड नव्हे. पण २० जरी धरली तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो. बंदीचे ६० दिवस गाडी उभी राहिली तर २९ गेले. ३५ च्या बॅटरीत मग काही राहतच नाही. ६५ वालीचीही अर्धी टाकी गाडी धुवायच्या आधीच रिकामी झालेली असते!

आता धुण्याचा दिवस. छतातला १० वॅटचा दिवा पाऊण अँपिअर खातो, तो एकटा असेल तर फार बिघडत नाही. पण नव्या गाडीत दार उघडं राहिलं की तिला वाटतं मालक बसतोय, आणि तिचे कॉम्प्युटर झोपतच नाहीत. वर रेडिओ चालू. मिळून ३ अँपिअर सहज होतात, तीन तासांचे ९. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा तो छोटा व्हॅक्यूम १२० वॅटचा असेल तर १० अँपिअर खेचतो, अर्ध्या तासात ५ गेले. २९, ९ आणि ५ मिळून ४३. नव्या बॅटरीत २२ उरतील, कदाचित गाडी सुरू होईलही. पण तीन-चार वर्षं वापरलेली बॅटरी ६५ लिहिलेलं असलं तरी तेवढं धरत नाही. ती ४५ वर आलेली असेल तर उरले दोन. डिझेल इंजीन फिरवायला सेल्फला क्षणभर का होईना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, ते कुठून येणार?

म्हणून आमच्या मते पहिलं काम झाडू-फडकं नव्हे, चार्जिंग. धुण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्जरला लावा. चार्जर नसेल तर गाडी चांगली पाऊण-एक तास रस्त्यावर चालवून आणा, पेडण्याहून म्हापशापर्यंत जाऊन या. दारात दहा मिनिटं इंजीन चालू ठेवल्याने भागत नाही, कारण आयडलवर अल्टरनेटर कमीच देतो. काही जण इंजीन चालू ठेवूनच आतून साफ करतात, तेही नको. डिझेल जळतं ते जळतं, आणि पाऊस म्हणून गाडी शेडमध्ये घेतलेली असेल तर धूर आत कोंडतो. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

चार्ज झाली की मग धुवायला घ्या, आणि पहिल्यांदा चावी काढून खिशात घाला. बिनचावीची, बटणाची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवा. चावी ‘ऑन’वर ठेवली तर मीटर, इंजिनाचा कॉम्प्युटर, काही गाड्यांत पंखासुद्धा चालू राहतो, आणि पोरांच्या हातून हेडलाइट लागला तर दोन दिव्यांचे नऊ-दहा अँपिअर वेगळेच. दिवसाउजेडी ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गाणी ऐकायची तर मोबाइलवर ऐका.

छतातल्या दिव्याला तीन जागा असतात, चालू, बंद आणि दारावर. तो बंदवर करा. दाराच्या चौकटीत जुन्या पद्धतीचं रबरी बटण असेल तर ते दाबून वर चिकटपट्टी लावा, गाडीला दार बंद वाटतं. नव्या गाडीत ते बटण लॉकच्या आतच असतं. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने दाराचा लॉक बंद केल्यासारखा फिरवता येतो. मात्र दार लावायच्या आधी हँडल ओढून तो परत उघडायला विसरू नका, नाहीतर दार आपटून लॉक वाकेल. हे जमेलसं वाटत नसेल तर एक बाजू साफ करताना दुसरी दारं लावून ठेवा. व्हॅक्यूम घरच्या लाइटवर चालणारा वापरा, शेजाऱ्याकडून मागून आणा हवा तर.

दिवसभराचं काम असेल, सीट काढायच्या असतील, तर सरळ बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. सोडवताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. उलट केलंत आणि पाना लाल टर्मिनलवरून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो. वायर काढल्यावर घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाते, एवढं चालवून घ्या. काही रेडिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. सीटखाली पिवळे जोड दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका.

आता आपल्या धंद्याची खास गोष्ट. इतरांच्या गाडीत धूळ असते, आपल्या गाडीत मिठाचं पाणी. मीठ आणि ओल एकत्र आली की वीज त्यातून वाट काढते. बॅटरीच्या माथ्यावर मळ आणि खारट ओल बसली की लाल-काळ्या टर्मिनलच्या मध्ये बारीक गळती सुरू होते, गाडी उभी असतानासुद्धा. म्हणून केबिनमध्ये पाइपने पाणी मारू नका. सीटखाली, पायदानाखाली वायरींचे जोड असतात. एकदा खारं पाणी आत गेलं की आठवड्याभराने बॅटरी उतरायला लागते आणि कारण सापडत नाही. गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीनदा फिरवा, चटया बाहेर काढून धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच घाला. जुलैत ऊन कुठलं म्हणाल, पण एक रात्र पंख्याखाली ठेवा. बॅटरीवर हिरवी-पांढरी पूड आली असेल तर झाकणं घट्ट आहेत ना बघून खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, टर्मिनलला व्हॅसलिन लावा. डोळे सांभाळा, आत ॲसिड आहे.

सगळं झाल्यावर त्याच संध्याकाळी एकदा गाडी सुरू करून बघा. पहाटेपर्यंत थांबू नका. दीडशे-दोनशेचा साधा मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. गाडी दोन-तीन तास उभी ठेवून मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर चार्जरला लावा. विशेषतः ज्यांना केरी-तेरेखोल किंवा नार्वे-दिवाडी फेरीबोटीतून जायचं असतं त्यांनी. फेरीत इंजीन बंद करायचं आणि पलीकडे गेल्यावर सुरू झालं नाही तर मागची सगळी गाड्यांची रांग तुमच्या नावाने काय बोलेल ते सांगायला नको.

होडीवाल्यांनाही हे लागू आहे, एका फरकाने. होडी किनाऱ्यावर ओढलेली असेल तर बॅटरी काढून घरी आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. पण होडी शापोराच्या खाडीत पाण्यात उभी असेल आणि तळातलं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप त्याच बॅटरीवर असेल, तर बॅटरी सोडवू नका. होडी धुताना बादल्यांचं पाणी तळात जातं, पंप चालू होतो, धुणं संपेपर्यंत बॅटरी निम्मी होते. रात्री मुसळधार पाऊस आला की पंप दम टाकतो आणि सकाळी होडी काठापर्यंत भरलेली. त्या दिवशी पाणी हाताने उपसा आणि निघताना व्होल्ट बघून जा.

एवढं करूनही बॅटरी बसलीच तर जंपर केबल. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि ट्रॉलरवरच्या दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या जोडणीवरून पिकअपला कधीही जंप देऊ नका. गाडी १२ व्होल्टची असते, तिचा कॉम्प्युटर जागच्या जागी जळेल. त्या जोडीतली एक बॅटरी सोडवून तेवढीच वापरा.