संवादातून एक जण वगळला तेव्हा

उत्तराध्ययन सूत्राचे नववे अध्ययन नमिराजाच्या प्रव्रज्येचे आहे. मिथिलेचा राजा नमी राज्य सोडून निघाला आहे आणि ब्राह्मणाच्या वेषात आलेला इंद्र त्याच्यापुढे एकामागून एक प्रश्न ठेवतो. राजवाडा जळत असता तिकडे का पाहत नाहीस? तट आणि वेशी बांधून मग जा, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करून जा, जे राजे नमले नाहीत त्यांना नमवून जा, कोठार भरून जा. राजधर्माची बाजू याहून नेटकेपणाने मांडणे कठीण आहे. नमी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो. दंडाचा विषय निघतो तेव्हा तो सांगतो की शिक्षा पुष्कळदा निरपराध्याला होते आणि खरा अपराधी मोकळा राहतो. अखेर नमीचा निश्चय अढळ राहतो आणि इंद्र त्याला वंदन करतो; पण इंद्राचा एकही प्रश्न सूत्रकारांनी गाळलेला नाही. उत्तर मोठे वाटते ते प्रश्न शेजारी उभा आहे म्हणून.

सत्ता आणि नीती यांचा विचार दोन व्यक्तींच्या मुखातून मांडण्याची रीत पाश्चात्त्य वाङ्मयातही जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ल्युशन या ग्रीक लेखकाने मृतांनाच एकमेकांशी बोलायला लावले आणि पुढे युरोपातील अनेकांनी तोच मार्ग घेतला. या परंपरेतील एका पुस्तकाची हकीकत व्यापारी समाजाने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

मॉरिस जोली हा पॅरिसमधील वकील. जन्म १८२९ चा. त्या वेळी फ्रान्सवर तिसऱ्या नेपोलियनचे राज्य होते. हा गृहस्थ १८४८ मध्ये लोकांच्या मतांनी अध्यक्ष झाला, २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने लष्कराच्या बळावर सत्ता बळकावली, लगोलग सार्वमत घेऊन त्यावर जनतेचे शिक्कामोर्तब करून घेतले आणि वर्षभरात तो सम्राट झाला. संसद, न्यायालये, वर्तमानपत्रे सर्व काही जागेवर होते. मात्र १८५२ च्या हुकुमाप्रमाणे वर्तमानपत्रांना सरकारी ताकीद मिळू लागली आणि ठरावीक ताकिदींनंतर पत्र स्थगित होऊ लागले. संपादक स्वतःच सावध लिहू लागले. अशा काळात उघड टीका करणे शक्य नव्हते.

जोलीने पुढे लिहून ठेवले आहे की एका संध्याकाळी सीन नदीच्या काठी फिरताना त्याला गालिआनी या पाद्र्याचे धान्य-व्यापारावरील संवादरूप पुस्तक आठवले आणि आपणही मृतांना बोलते करावे ही कल्पना सुचली. राजसत्तेवरच्या एका धारदार पुस्तकाचे बीज धान्यबाजाराच्या चर्चेत सापडावे, हा योग व्यापाऱ्यांना आवडण्यासारखा आहे.

त्याने निवडलेली माणसे दोन. पहिला मॅकियाव्हेली, फ्लॉरेन्सचा. राज्य टिकवण्यासाठी राजाला प्रसंगी नीती बाजूला ठेवावी लागते, असे स्पष्ट सांगणारा म्हणून त्याचे नाव बदनाम झाले. वस्तुतः तो स्वतः सत्तेचा मार खाल्लेला होता. १५१२ मध्ये मेदिची घराणे परतले तेव्हा त्याची नोकरी गेली, पुढे तुरुंगवास आणि छळही वाट्यास आला. डिसेंबर १५१३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की दिवसभर गावच्या खानावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते कुटल्यानंतर रात्री तो दरबारी पोशाख चढवून अभ्यासिकेत जातो, प्राचीनांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारतो आणि ते त्याला उत्तरे देतात. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ अशा कल्पित संभाषणांतूनच निपजला.

दुसरा मॉन्टेस्क्यू. बोर्दो येथील न्यायाधीश, द्राक्षमळ्यांचा मालक, स्वतःची वाइन विकणारा. १७४८ च्या 'कायद्यांचे मर्म' या ग्रंथात त्याने कायदे करणारी, राबवणारी आणि न्याय देणारी सत्ता वेगवेगळ्या हाती असावी, असे प्रतिपादन केले. याच ग्रंथात व्यापारावर एक विलक्षण विवेचन आहे. मध्ययुगात राजे ज्यू सावकारांना लुबाडत, छळत आणि हाकलून देत. त्या संकटातून त्यांनी हुंडीसारखे विनिमयपत्र काढले, असे तो म्हणतो. संपत्ती कागदावर आली, ती एका देशातून दुसऱ्या देशात डोळ्यांदेखत जाऊ लागली आणि राजाला ती जप्त करता येईना. तेव्हा राजांना शहाणपणाने वागणे भाग पडले आणि युरोप मॅकियाव्हेलीच्या रोगातून बरा होऊ लागला. विनिमयपत्र ज्यूंनी शोधले, हे विधान आजचे इतिहासकार मान्य करत नाहीत. परंतु ज्यांच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या हुंडी वटली आहे त्यांना त्यामागचा तर्क समजावून सांगावा लागणार नाही. शब्द पाळला जाईल या भरवशावर व्यापार चालतो आणि मनमानी सत्तेला असा भरवसा गैरसोयीचा असतो.

या दोघांना जोलीने पाताळलोकीच्या एका निर्जन किनाऱ्यावर भेटवले. पुस्तकात २५ संवाद आहेत. मॉन्टेस्क्यूची पृथ्वीवरील माहिती १८४७ पाशी थांबलेली आहे. सुधारलेल्या राष्ट्रांत आता जुलमी सत्ता येणे शक्य नाही, असे तो विश्वासाने सांगतो. मॅकियाव्हेली पैज मारतो की तुझी एकही संस्था न मोडता मी जुलमी राज्य उभे करून दाखवीन. मग तो एकेक युक्ती सांगत जातो. वर्तमानपत्रे बंद कशाला करायची? सरकारनेच सर्व रंगांची वर्तमानपत्रे चालवावी, विरोधकांचीही. येथे जोली विष्णूची उपमा देतो आणि त्याला शंभर हात बहाल करतो. आपल्याकडच्या मूर्तीला चारच असतात, पण फ्रेंच वकिलाकडून मूर्तिशास्त्राची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

अर्थव्यवहारावरील संवाद आजही वाचावे असे आहेत. मॉन्टेस्क्यूचा शेवटचा आधार जमाखर्चावर असतो. लोकप्रतिनिधी दरवर्षी अंदाजपत्रक मंजूर करणार असतील तर राजा उधळणार कसा, असे तो विचारतो. उत्तरादाखल मॅकियाव्हेली साध्या अंदाजपत्रकाशेजारी एक असाधारण अंदाजपत्रक मांडतो, वर्षाच्या मध्यावर पुरवणी मागण्या आणतो आणि अल्पमुदतीचे तरते कर्ज वाढवत नेतो. आकडे सगळे खरे, बेरजा बिनचूक, आणि तरीही वाचणाऱ्याला तूट कोठे आहे याचा पत्ता लागत नाही. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला येथे अंगावर काटा येतो. अखेरीस मॅकियाव्हेली सांगतो की हे सर्व भविष्यातले नव्हे, घडून गेलेले आहे.

पुस्तक १८६४ मध्ये ब्रसेल्स येथे लेखकाचे नाव न घालता छापले गेले आणि चोरून फ्रान्समध्ये आणताना पकडले गेले. एप्रिल १८६५ मध्ये जोलीला १५ महिन्यांची कैद आणि २०० फ्रँक दंड झाला. १८७० मध्ये साम्राज्य कोसळले तरी त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही. १८७८ मध्ये तो पॅरिसच्या घरी मृतावस्थेत आढळला. त्याने आत्महत्या केली होती. पुस्तक विस्मृतीत गेले.

१९०३ च्या एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात ज्यू वस्तीवर हल्ले होऊन ४९ माणसे मारली गेली. त्याआधी तेथील एक वर्तमानपत्र सतत विष पेरत होते. त्याच संपादकाने काही महिन्यांनी सेंट पीटर्सबर्गमधील आपल्या दुसऱ्या पत्रातून एक लेखमाला छापली. जग ताब्यात घेण्यासाठी ज्यू ज्येष्ठांच्या गुप्त बैठकीत झालेली भाषणे, असे तिचे वर्णन होते. हीच पुढे 'प्रोटोकॉल्स' या नावाने जगभर गेली. अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने १९२० पासून तिचा प्रचार केला. लंडनच्या 'टाइम्स'नेही मे १९२० मध्ये, यात तथ्य असावे की काय, अशा सुरात लेख छापला.

पुढच्याच वर्षी 'टाइम्स'चा कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याच्याकडे एका रशियन निर्वासिताने एक जुने फ्रेंच पुस्तक आणले. त्याचे मुखपृष्ठाचे पान गळून गेले होते. ग्रेव्ह्जने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली आणि ऑगस्ट १९२१ मध्ये सलग तीन लेखांत चोरी उघडी पाडली. ते पुस्तक जोलीचे होते. पुढील अभ्यासकांच्या मोजणीत १६० हून अधिक उतारे, म्हणजे 'प्रोटोकॉल्स'चा सुमारे दोन पंचमांश भाग, जोलीवरून उतरवलेला निघाला. शंभर हातांचा विष्णूही तसाच आला होता. मूळ पुस्तकात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नव्हता.

बनावट करणाऱ्याने केलेले काम तसे थोडके होते. मुख्यतः मॅकियाव्हेलीची वाक्ये उचलून ती ज्यूंच्या तोंडी घातली आणि मॉन्टेस्क्यूला वगळले. एका सम्राटावर केलेला आरोप अशा रीतीने एका अल्पसंख्य समाजावर गेला, आणि 'हे खरे कशावरून?' असे विचारणारे पात्रच पुस्तकातून नाहीसे झाले.

जैन न्यायशास्त्रात नय आणि नयाभास असा भेद आहे. वस्तूचे एक अंग सांगणारा, पण बाकीच्या अंगांना नाकारत नसलेला तो नय. माझेच अंग खरे म्हणून इतरांचा निषेध करणारा तो नयाभास. जोलीचे पुस्तक आणि त्यातून कापून काढलेला मजकूर यांच्यातले अंतर या दोन शब्दांत नेमके सांगता येते. मात्र अनेकान्ताचा आधार घेऊन 'प्रोटोकॉल्स हीही एक बाजू' असे कोणी म्हणू लागला तर ते मान्य करता येणार नाही. अनेकान्त सत्याच्या अनेक बाजूंना जागा देतो, बनावट दस्ताला नव्हे.

व्यापारी समाजावर सगळेच आरोप खोटे होतात, असेही नाही, आणि हे आपल्या घरातच सांगितले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. सरकारने आयोग नेमला, रयतेची आणि सावकारांची अशा दोन्ही बाजू नोंदवल्या गेल्या आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. नुसत्या सहीच्या खतावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, व्याज कसे चढले, हे पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. सावकारांना तो रुचला नाही. तरी तेथे आरोपाला एक खत होते, खताला तारीख होती, आणि उत्तर देणाऱ्याला बोलण्याची जागा होती.

जर्मनीत अशी जागा मिळाली नाही. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची बर्लिनमध्ये हत्या झाली. ते उद्योगपती घराण्यातले ज्यू होते. ते त्या गुप्त ज्येष्ठांपैकीच एक आहेत, अशी मारेकऱ्यांच्या गोटातील समजूत खटल्यात पुढे आली. ग्रेव्ह्जचे लेख तेव्हा दहा महिन्यांपूर्वी छापले गेले होते. फोर्ड यांनी १९२७ मध्ये जाहीर माफी मागितली.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ज्यू संस्थांनी या पुस्तकाच्या प्रसारकांवर फिर्याद केली. मे १९३५ मध्ये न्यायालयाने मजकूर बनावट आणि चोरलेला ठरवून दंड केला. १९३७ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण ज्या कायद्याखाली फिर्याद होती तो अश्लील वाङ्मयापुरता आहे आणि राजकीय मजकुराला लागू होत नाही. समर्थकांनी एवढाच निकाल उचलला आणि पुस्तक खरे ठरल्याची हाकाटी केली. त्याच निकालात न्यायालयाने सुटलेल्या आरोपींना खटल्याचा खर्च भरून देण्यास नकार दिला होता. असली चिथावणीखोर पत्रके वाटणाऱ्याने स्वतःचा खर्च स्वतःच सोसावा, असे कारण त्यासाठी नोंदवले होते.