बोंडअळीचा उन्हाळी उपास

नांदुऱ्याच्या शिवारात कोरडवाहू कपाशीचं वर्ष पूर्वी ठरलेलं असायचं. पावसावर पेरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचण्या, आणि थंडी सरता सरता पऱ्हाटी उपटून रान मोकळं. मग मृगापर्यंत शेतात ना पाती, ना फूल, ना बोंड. गुलाबी बोंडअळीला आवरण्यात या रिकाम्या महिन्यांचा वाटा मोठा होता, असं मला मागं वळून पाहताना ठामपणे वाटतं.

हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटोही चालतो. तिला उपाशी ठेवणं कठीण. गुलाबी अळीचं पोट मात्र जवळजवळ सगळं कपाशीवर. फार तर भेंडी, अंबाडी. दिवस लहान झाले, गारवा वाढला आणि खायला पक्व, तेलकट सरकी मिळू लागली, की ती सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या जोडून त्यांच्या आत महिनोन् महिने पडून राहते. उन्हाळ्यात बाहेर पडलेला पतंग जेमतेम दोन आठवडे जगतो. मादीने अंडी घातली, तरी कोवळी पाती नसेल तर अळी वाढत नाही. ती पिढी तिथेच संपते.

2002 साली झाडातच अळीला मारणारं विष असलेली बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची. त्याच काळात दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि ठिबकही पसरलं. विहिरीला पाणी असलेला शेतकरी मे महिन्यातच लागवड करू लागला. दुसऱ्या टोकाला फरदड, म्हणजे वेचण्यांनंतरही उभं ठेवलेलं पीक, मार्चपर्यंत लांबली. अळीची एक पिढी साधारण महिन्याभराची, म्हणजे दोन्हीकडून तिला वाढीव पिढ्या मिळाल्या, आणि प्रत्येक पिढी त्याच बीटी विषाला सामोरी गेली. विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून पाकिटात दिलेली बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. प्रतिकारशक्ती वाढत गेली आणि 2017 मध्ये विदर्भाची बोंडं आतून पोखरून निघाली.

फरदड ठेवणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. उभ्या पिकातून येणारे दोन पैसे कर्जात बुडालेला माणूस कसा सोडेल? पण अमेरिकेने 2018 मध्ये ही अळी संपल्याचं जाहीर केलं, त्यात बीटी आणि वंध्य पतंगांसोबत हंगामानंतर कपाशीचे अवशेष गाडण्याची सक्तीही होती. आपल्याकडे हंगामाच्या फार आधी बियाणं विकण्यावर बंधन आलं. पऱ्हाटीचे ढीग मात्र गोठ्यामागे तसेच राहतात. भाव पडला की कापूस घरात थांबतो, जिनिंगमध्ये सरकी साठून राहते, आणि तिच्यातली अळी पुढच्या पात्यांपर्यंत तग धरते.