नळदुर्गचा हवालदार

श्रोतेहो, नळदुर्गचा किल्ला आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. बोरी नदीवरील बंधारा, त्याच्या पोटांतील पाणीमहाल आणि पावसाळ्यांत नर व मादी या सांडव्यांवरून कोसळणारें पाणी पाहून कोणाचेंहि मन हरखून जातें. मी शिक्षक असतांना मुलांस तेथें पुष्कळदां घेऊन गेलों. इब्राहिम आदिलशहाचें नांव त्यांच्याकडून घोकून घेतलें. परंतु याच भूमीवर देह ठेवणाऱ्या हवालदार बचित्तरसिंगाचें नांव मीं एकदांहि उच्चारलें नाहीं. तें ऋण आज अंशतः फेडावयाचें आहे.

1948 सालीं आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या राज्यांत होता. 13 सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें. त्याचा मुख्य मार्ग सोलापुराहून सिकंदराबादेस जाणारा हमरस्ता हा होय. वाटेंत बोरीवरील पूल. तो उडविला गेला असता, तर रणगाडे अलीकडेच अडकून पडते. म्हणून वेगानें चाल करून पूल शाबूत हस्तगत करण्यांत आला, आणि शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीनें नळदुर्गावर हल्ला चढविला.

बचित्तरसिंग हे आघाडीच्या तुकडीचे प्रमुख होते. पहाटे चारच्या सुमारास विरुद्ध पक्षाच्या दोन मोटारगाड्या दिसतांच त्यांनीं गोळीबाराचा हुकूम दिला, स्वतः पुढें धाव घेतली आणि त्या गाड्या रक्षकांसह पकडल्या. पुढें एका मोर्च्यावर चाल करीत असतां, तो अवघा 30 यार्ड उरला तोंच, मशिनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडींत घुसल्या. उभें राहणें अशक्य झालें. तरी सरपटत जाऊन त्यांनीं दोन हातबाँब फेकले व ती तोफ बंद पाडली. जखम प्राणघातक असूनहि मागें जाण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. शिपायांस धीर देत देत त्यांनीं तेथेंच प्राण सोडला.

त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. या सन्मानाच्या अगदीं पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते. परमवीरचक्र कां नव्हे, असें कोणी विचारील. परमवीरचक्र शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्यासाठीं असतें. अशोकचक्र तितक्याच थोर, परंतु अशा युद्धाबाहेरील शौर्यासाठीं. हैदराबादवरील मोहिमेस सरकारनें पोलिस कारवाई म्हटलें होतें. समोर उभे ठाकलेले हैदराबादी पायदळाचे शिपाई परके थोडेच होते? ते याच देशाचे. या एका भेदांत त्या प्रसंगाचें सारें दुःख सामावलेलें आहे.

त्याच दिवशीं सैन्य उमरग्यापर्यंत पोहोंचलें. 17 सप्टेंबरला लढाई थांबली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतों. त्याच्या चार दिवस आधीं, आपली भाषाहि न जाणणारा एक पंजाबी हवालदार आपल्या दाराशीं कामास आला. मुलांना घेऊन नळदुर्गास जाल, तेव्हां पाणीमहाल अवश्य दाखवा. पण परततांना बोरीच्या पुलावर क्षणभर थांबा, आणि मी जें सांगावयाचें विसरलों, तें त्यांना सांगा.