मुळशी तालुका : पाऊस, पाणी आणि माणसे

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. पौड हे त्याचे मुख्य ठाणे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. पूर्वेस हिंजवडीपर्यंत येताना त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. खाचरांत भात, तर डोंगरउतारांवर नाचणी व वरई पिकते. शेतकरी समाजाबरोबरच महादेव कोळी, कातकरी व धनगर यांच्या वस्त्या येथे आहेत. पूर्व भागात आता माहिती तंत्रज्ञान उद्योग विस्तारला आहे.

मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. टाटांच्या मुळशी धरणाने तिचे पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे, म्हणजे पश्चिमेस, वळविण्यात आले. या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तरीही अनेक गावे पाण्याखाली गेली.

विपुल पाऊस होऊनही उन्हाळ्यात डोंगरातील वाड्यावस्त्यांना पाणीटंचाई जाणवते. तीव्र उतार आणि कठीण कातळ यांमुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. म्हणूनच झऱ्यांचे रक्षण, वनराई बंधारे व वृक्षलागवड या कामांना ग्रामपंचायतींनी अग्रक्रम देणे अगत्याचे आहे.