ईमेल फोनमध्ये उतरवून घ्यायचे की सर्व्हरवरच ठेवायचे?

समजा, डिग्री झाली, नोकरी लागली आणि वर्षभराने एचआरने इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मागितलं. ते आलं होतं कॉलेजच्या ईमेल आयडीवर, आणि तो आयडी आता बंद झालाय. ॲप उघडलं की फक्त पासवर्ड मागतंय. मग इतकी वर्षं फोनमध्ये दिसणारे ते मेल होते तरी कुठे?

बहुतेक वेळा उत्तर असतं: सर्व्हरवर. फोनमध्ये आपण फक्त बघत असतो.

पॉप: पत्र घरी घेऊन या

पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. याची पहिली आवृत्ती १९८४ सालची. तेव्हा सतत ऑनलाइन राहणं शक्य नव्हतं. त्यामुळे कनेक्ट व्हायचं, मेल उतरवून घ्यायचे आणि लाइन सोडायची, अशी ही पद्धत. मेल एकदा उतरला की तो तुमच्या मशीनमध्ये राहतो, नेट नसलं तरी वाचता येतो. सर्व्हरवरची कॉपी ठेवायची की डिलीट करायची, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं.

अडचण अशी की मोबाइल आणि लॅपटॉपचा एकमेकांशी संबंध राहत नाही. लॅपटॉपवरून पाठवलेला मेल मोबाइलच्या ‘सेंट’मध्ये दिसत नाही. आणि सर्व्हरवरची कॉपी डिलीट होत असेल, तर हार्ड डिस्क गेली की मेलही गेले.

आयमॅप: पत्र तिथेच, वाचा कुठूनही

आयमॅपची सुरुवात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. इथे मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. मोबाइलवर वाचला की लॅपटॉपवरही ‘वाचलेला’ दिसतो. फोल्डर, ड्राफ्ट, सेंट सगळं सगळीकडे सारखं. जीमेल ॲपही याच विचारावर चालतं. फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉगिन करा, मेल हजर.

पण सिंक म्हणजे बॅकअप नाही

इथेच गडबड होते. सिंकमध्ये डिलीटसुद्धा सिंक होतं. जीमेलमध्ये मोबाइलवरून मेल उडवला, तर तो सगळीकडून ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो.

शिवाय जागेला मर्यादा आहे. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. जागा भरली की नवे मेल येणं थांबतं. वैयक्तिक खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही, तर गुगल ते डिलीट करू शकतं. आणि कॉलेजचा किंवा ऑफिसचा आयडी तर तुमच्या मालकीचा नसतोच. तो बंद करायचा अधिकार त्यांचा.

मग करायचं काय?

• रोजच्या वापराला आयमॅपच ठेवा. दोन-तीन डिव्हाइस असतील तर दुसरा विचारच नको.

• महत्त्वाच्या मेलची कॉपी स्वतःकडे ठेवा. गुगल टेकआउटमधून सगळे मेल एमबॉक्स फाइलमध्ये उतरवता येतात. किंवा कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाका आणि मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. आयमॅपच्याच फोल्डरमध्ये राहिलेला मेल ऑफलाइन दिसत असला, तरी सर्व्हरवरून गेला की इथूनही जातो.

• पॉप वापरणार असाल, तर ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ हा पर्याय चालू आहे ना, ते आधी बघा.

• उतरवलेली फाइल फक्त एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवरही घ्या. त्यात तुमची खासगी माहिती असते, त्यामुळे ती सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका.

शेवटच्या वर्षाला असाल, तर हे काम निकाल लागायच्या आधीच उरका. काही कॉलेजांच्या आयडीवर टेकआउट बंद ठेवलेलं असतं. तसं असेल तर ऑफर लेटर, सर्टिफिकेट, फीच्या पावत्या, स्कॉलरशिपचे मेल एकेक करून डाउनलोड करा. आणि नोकरीच्या पोर्टलवर कॉलेजचा आयडी दिला असेल, तर तो आजच बदला, कारण पासवर्ड रिसेटची लिंकही त्याच आयडीवर येते.