कागदाच्या एका तुकड्यावर हाताच्या नसेची परीक्षा

नसांचं दुखणं म्हटलं की आपल्याला आधी एमआरआय आठवतो. पण मला सगळ्यात आवडते ती फ्रोमां चाचणी. तिला लागतो फक्त एक कागद!

अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला सांगतात आणि डॉक्टर तो ओढतात. अंगठा सरळ ठेवून कागद दाबणारा स्नायू अल्नर नसेवर चालतो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस. ती कमकुवत असेल तर तो स्नायू दाब देऊ शकत नाही. मग मीडियन नसेवर चालणारा दुसरा स्नायू मदतीला धावतो आणि अंगठ्याचं टोकाकडचं पेर वाकतं. रुग्णाला वाटतं, कागद तर धरलाय की! पण वाकलेला अंगठा चुगली करतो.

फ्रेंच डॉक्टर ज्यूल फ्रोमां यांनी ही खूण 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, वर्तमानपत्र वापरून दाखवली. नसेवर हलकेच टकटक करून मुंग्या येतात का पाहणारी फ्रेंच डॉक्टर टिनेल यांची खूणही त्याच वर्षाची. आणि गंमत म्हणजे शत्रुपक्षातल्या जर्मनीत डॉक्टर हॉफमन यांनीही ती 1915 मध्येच स्वतंत्रपणे मांडली होती.

मुंग्या येतात का पाहणारी आणखी एक चाचणी म्हणजे मनगट मिनिटभर दुमडून धरायची फेलन चाचणी. ती कधीकधी निरोगी हातातही मुंग्या आणते, म्हणून घरी करून घाबरू नका. मात्र पकड सैल पडत असेल किंवा अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.