नगारखान्यातील संग्रहालय

विजापूरला येणारा प्रवासी गोलघुमटाच्या ओढीने येतो आणि आवारात शिरताच काहीसा हिरमुसतो. घुमट आणि त्याची दृष्टी यांच्या मध्येच एक उंच, रुंद इमारत उभी असते. हा नगारखाना. बहुतेक मंडळी त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात, आणि परतताना पाय दुखू लागले म्हणजे आत डोकावतात. वस्तुतः दर्शनाचा क्रम उलटा असावयास हवा.

शहाजीराजे ज्याच्या दरबारी सरदार होते, त्या मुहंमद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७ ते १६५६) समाधीचे हे प्रवेशद्वार. खालच्या कमानीतून आत जाण्याची वाट आणि वर नौबत झडण्यासाठी दालन, अशी ही योजना. मात्र द्वारावरील मनोरे छपरापाशीच थांबले; ते पुढे कधी चढविलेच गेले नाहीत. मागे पाहावे, तर घुमटाच्या चारही कोपऱ्यांवर अष्टकोनी, सात मजली मनोरे पूर्णत्वाने उभे. त्यांच्या पोटातील जिन्यांनी सज्जावर जाता येते. तेथे भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या किमयेचे मोल कळते. पूर्ण आणि अपूर्ण यांचा हा शेजार आदिलशाहीची अखेरची कहाणीच सांगतो. १६८६ साली औरंगजेबाने शहर घेतले आणि नौबत थांबली.

इंग्रजी अमदानीत १८८५ साली जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून येथे आले. ओस पडलेल्या वास्तू सरकारी कामाला लागल्या. चिनी महालात कचेऱ्या बसल्या, एका मशिदीत टपालघर आले. या सर्व उपयोगांत नगारखान्याच्या वाट्याला आलेला उपयोग सर्वांत शोभून दिसला, असे आम्हांस वाटते. १८९२ साली येथे जिल्हा संग्रहालय सुरू झाले. १९८२ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे गेले.

चंडीगढचे १९६८ साली खुले झालेले संग्रहालय ल कॉर्बुझिएने मुळातच चित्रे-शिल्पांसाठी आखले. तेथे उजेड कोठून यावा याचा विचार भिंतींआधी झालेला आहे. येथे सारेच उलट. नगाऱ्यांचा दणदणाट दूर जावा म्हणून बांधलेल्या वास्तूत आता नाजूक वस्तू निवांत ठेवाव्या लागतात. पण एक लाभ असा, की या वस्तू परक्या घरी आलेल्या नाहीत.

आसार महालाचेच उदाहरण घ्यावे. १६४६ च्या सुमाराचा हा महाल आधी न्यायदानासाठी होता, नंतर तेथे पैगंबरांचे पवित्र अवशेष जपण्यात आले. तेथील अरबी-फारसी ग्रंथसंग्रह १८५३ साली लंडनला रवाना झाला. आज त्या पोथ्या पाहावयाच्या, तर अभ्यासकास समुद्रापार जावे लागते. गालिचे आणि चिनी मातीची भांडी मात्र गावातच राहिली, आणि महालापासून फार दूर नसलेल्या या नगारखान्यात आली. सतराव्या शतकातील हे गालिचे आता विटले आहेत, कडा झिजल्या आहेत. तरीही त्यांचा लाल रंग लपत नाही. त्यांच्याच सोबतीला शस्त्रे, लघुचित्रे, जैन व हिंदू मूर्ती आणि संस्कृत, कानडी, अरबी, फारसी शिलालेख आहेत. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर झाले. कानडी शिलालेखांपुढे उभे राहिले, की हे गाव आदिलशाहीहून किती जुने आहे ते उमगते. गालिच्यांपाशी मात्र थोडा अधिक वेळ थांबावे. घुमट कोठे जात नाही.